अमरावती ते अकोला, भरल्या बाटलीनिशी

सायकल ठेवायची की देऊन टाकायची, एवढं ठरवायला मी अमरावतीहून अकोल्याला जाऊन आले. तेही सायकलवरच. ज्यांना फक्त रस्त्याची माहिती हवी आहे त्यांना आधीच सांगते: एका बाजूचं अंतर पंचाण्णव किलोमीटरच्या आसपास, रस्ता चौपदरी, घाट एकही नाही, चढ म्हणजे उड्डाणपुलांचे तेवढे. माझ्यासारखीने केला म्हणजे तुम्हीही कराल. फक्त माझ्यासारखा करू नका, आणि का करू नका हे सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

मी कल्पना. वय सेहेचाळीस. मोजणी खात्यात नोकरी, म्हणजे लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजते आणि त्यांची भांडणं ऐकते. दोन वर्षांपूर्वी हौसेने गिअरची सायकल घेतली. वीस किलोमीटर मजेत जायचे, तीसही जायचे. चाळीसच्या पुढे मात्र मागच्या कॅरिअरवर कुणीतरी गव्हाचं पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. डोकं ठणकायचं, घरी येऊन मी सगळ्यांवर डाफरायचे आणि संध्याकाळी सात वाजताच झोपायचे. असं एकदा नाही, दरवेळी. शेजारच्या मॅडमनी तर विचारूनच टाकलं, "सायकल काढून टाकणार असाल तर आधी मला सांगा हं." बाई चांगल्या आहेत, पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला.

राग यायचं खरं कारण माझी आई. आई अकोल्याला राहते. पंचेचाळिशीत ती एका लग्नाहून परत आली, डोकं धरून दोन दिवस पडून राहिली आणि तिने जाहीर केलं, "मले आता प्रवास सोसत नाई." झालं. त्यानंतर ती अकोल्याबाहेर पडलीच नाही म्हटलं तरी चालेल. माझं अमरावतीचं घर बांधून चार वर्षं झाली, ते तिने अजून फोनवरच पाहिलंय. तीन तासांवर लेक राहते, पण बसचं नाव काढलं की तिचं कपाळ दुखायला लागतं. आता मीही त्याच वयाची झाले आणि माझंही कपाळ दुखायला लागलं. मला सायकल जाण्याची भीती नव्हती हो. मला माझी आई होण्याची भीती होती.

हे सगळं मी रेखाताईंना सांगितलं. रेखाताई एसटीत कंडक्टर, वय चोपन्न, वजन माझ्याहून पंधरा-वीस किलो जास्तच, आणि साखर निघाल्यापासून सायकल चालवतात. सायकल कसली? पुढे टोपली असलेली बिनगिअरची लेडीज सायकल. त्या म्हणाल्या, "एकदा आईकडं सायकलनं जाऊन पाहू. सोसलं तं ठेव, नाई सोसलं तं देऊन टाक. रोज रोज रडू नको." असा हा सौदा ठरला. शनिवारी जायचं, रविवारी आईकडे राहायचं, सोमवारी परत. सोमवारची रजा टाकली.

मोजणी हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे मी हँडलला पांढरी चिकटपट्टी लावली आणि खिशात पेन ठेवलं. दर दहा किलोमीटरला किती जड वाटतंय त्याचा आकडा लिहायचा. एक म्हणजे घरी खुर्चीत बसले आहे. दहा म्हणजे सायकल नाल्यात टाकते आणि मीही तिच्या मागे जाते. फेब्रुवारीचा शेवट होता. आमच्या वऱ्हाडात तेव्हा पहाटे स्वेटर लागतं आणि दहा वाजता सावली शोधावी लागते.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. वारा पाठीवर, रस्ता मोकळा. बडनेऱ्यात पहिला थांबा घेतला, तर्री-पोहे खाल्ले. तीस रुपयांत बशी भरून पोहे आणि वर अशी तर्री की नाक आपोआप वाहतं. रेखाताईंनी पोहे संपवून दोन ग्लास पाणी रिचवलं, स्वतःची बाटली भरून घेतली आणि टपरीवाल्याला खणखणीत आवाजात विचारलं, "दादा, बाथरूम कुठी हाय?" सगळी टपरी आमच्याकडे बघायला लागली. मी मान खाली घालून मोबाइलमध्ये पाहत बसले. पट्टीवर पहिला आकडा लिहिला, दोन.

लोणीपर्यंत मी उडतच होते. डाव्या हाताला हरभरा सोंगून पडलेला, उजवीकडे गहू पिवळा पडत चाललेला, मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा. मी पुढे, रेखाताई मागे. त्या मला गाठायच्या कधी, तर मी थांबल्यावर. मग पुन्हा त्यांचं तेच. पाणी प्यायचं, कुणालातरी बाथरूम विचारायचं, पाच मिनिटं गायब व्हायचं. मनात म्हटलं, या बाईचा अर्धा दिवस यातच जाणार. परत आल्या की मला विचारायच्या, "पानी पेली का?" मी म्हणायचे, "हौ." आणि ते अगदी खोटंही नव्हतं. मी बाटली तोंडाला लावायचे, ओठ ओले करायचे आणि बूच लावून टाकायचे.

तीन, तीन, चार.

कुरूमच्या अलीकडे एक संत्रीवाला बसला होता. रेखाताईंनी अर्धा डझन संत्री घेतली आणि तिथेच उकिडवं बसून सोलायला लागल्या. बाजूला चहा पीत बसलेल्या एका म्हाताऱ्याने दोन्ही सायकलींकडे पाहिलं आणि विचारलं, "काय वं बाई, आज बसा बंद हायेत का?"

"बसा चालू हायेत बाबा," रेखाताई म्हणाल्या. "मी बंद हाय. रजेवर हाय."

तो इतका हसला की त्याचा चहा सांडला. मला मात्र हसू आलं नाही. मला त्या संत्र्यांचाही राग येत होता. रेखाताईंनी चार फोडी माझ्या हातावर ठेवल्या, त्यातली एक मी खाल्ली आणि बाकीच्या त्यांना परत दिल्या. "नको, रस फार आहे," असं म्हणाले. संत्र्याला रस फार आहे म्हणून नको म्हणणारी अमरावतीची बाई तुम्ही पाहिली नसेल. मीही नंतर विचार केला तेव्हाच मला ते विचित्र वाटलं.

पन्नासच्या पुढे पोतं येऊन बसलं. सहा, आणि पुढचे दहा किलोमीटर व्हायच्या आतच आठ. रस्ता सपाट होता, वारा अजूनही पाठीवर होता आणि माझ्या सायकलवरचा काटा सोळाच दाखवत होता, जो सकाळपासून दाखवत होता. वेग तोच, पाय तेच, पण प्रत्येक पायडल पायऱ्या चढल्यासारखं लागत होतं. साडेदहाच्या सुमाराला आम्ही मूर्तिजापूरच्या फाट्यावर पोचलो. मी कडुलिंबाखाली सायकल आडवी टाकली, स्वतःही आडवी झाले आणि पट्टीवर नऊ लिहिला. कपाळाला हात लावला तर मीठ हाताला लागलं.

"तुमचा किती?" मी रेखाताईंना विचारलं.

"माहा काय? माहा चार असंन."

चार. बिनगिअरची सायकल, चोपन्न वय, साखर, टोपलीत संत्री, आणि चार. मला इतका अपमान वाटला की मी त्यांच्यावर खेकसले, "तुम्हाला काही समजतं का आकड्यातलं?" रेखाताईंनी आयुष्यभर सुट्ट्या पैशांवरून भांडणारे प्रवासी पाहिलेत, त्यांना माझ्या खेकसण्याचं काय होणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "बसनं जाऊ का? सायकल टपावर टाकू." मी नाही म्हटलं. सोसत नाही हे आज पुरतं सिद्धच होऊ दे, अशा खुन्नसने मी उठले.

पुढचे चाळीस किलोमीटर कसे गेले ते सविस्तर सांगत नाही. बोरगाव मंजूला मी एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसून दहा मिनिटं रडले, एवढं सांगते. का रडले ते विचाराल तर समोरून बकऱ्या गेल्या म्हणून. आकडे नऊ आणि नऊच. दहा लिहिला नाही, कारण दहा लिहिला तर नाल्यात जावं लागलं असतं आणि नाला कोरडा होता. तीन वाजता अकोला लागलं. मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरले तेव्हा माझा निर्णय झालेला होता. मॅडमना सोमवारी रात्री किल्ली द्यायची, मंगळवारपासून पायी फिरायला जायचं, पन्नाशीला टीव्हीसमोर बसायचं.

आई दारातच उभी होती. भाऊ-वहिनी लग्नाला गेल्यामुळे घरात ती एकटीच. आमच्याकडे कुणीही आलं की चौकशी नंतर, आधी पाणी. तिने तांब्या-भांडं पुढे केलं. रेखाताईंनी दोन भांडी गटागट संपवली. मी दोन घोट घेऊन भांडं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

आई रेखाताईंना कौतुकाने म्हणाली, "माही पोरगी पहा, एवढ्या उन्हातून आली तरी दोनच घोट. प्रवासात पानी पेत नाई ते. लहानपनापासून सवय लावली मी तिले."

 मग रेखाताई उठून बाहेर गेल्याचं मला कळलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन हातांत माझ्या दोन बाटल्या होत्या. एकीतलं पाणी गळ्यापासून बोटभर खाली होतं. दुसरीचं तर सीलही फुटलं नव्हतं. अमरावतीचं पाणी मी पंचाण्णव किलोमीटर वाहून, जसंच्या तसं अकोल्याला आणून दिलं होतं.

"माय वं," असं म्हणून रेखाताई खालीच बसल्या. मला वाटलं भोवळ आली. पण त्या हसत होत्या. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मी सकाळपासून विचार करून राहिली, या पोरीले झालं काय. बीपी म्हना, अ‍ॅनिमिया म्हना, सगळे रोग लावून झाले माहे. अन् हे बाई कोरडी मोटार चालवून राहिली."

मला राग यायला हवा होता, पण तेवढीही ताकद नव्हती. मी भिंतीला टेकूनच विचारलं, "मग रस्त्यात जायचं कुठे? तुम्ही सांगा." कारण प्रश्न तोच आहे, आणि हा ब्लॉग वाचणाऱ्या प्रत्येक बाईला तो माहीत आहे. आम्ही पाणी विसरत नाही. आम्ही ठरवून पीत नाही. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासूनच हात आखडता घेतो, सकाळी चहासुद्धा अर्धा कप. शेतात मोजणीला जाते तेव्हाही मी हेच करते. दिवसभर माणसांच्या घोळक्यात एकटी बाई, जाणार कुठे? ही माझी इतकी मुरलेली सवय होती की ती सवय आहे हेच मला माहीत नव्हतं.

रेखाताईंनी मला मीठ-साखर-लिंबाचं पाणी करून दिलं आणि घोटघोट प्यायला लावलं. गटागट घेऊ दिलं नाही. मग स्वतःचं सांगितलं. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत त्याही ड्युटीवर पाणी प्यायच्या नाहीत. मग मुतखडा झाला, भर गाडीत गुरासारख्या ओरडल्या. "तवा डॉक्टरनं समजावलं मले. घाम जाते, अंगातलं पानी कमी होते, मंग रक्त फिरवाले काळजाले जास्त पळा लागते. अंग तापते. रस्ता तोच, पाय तेच, पन डोक्याले वाटते का आपन डोंगर चढून राहिलो. डोकं दुखते, चिडचिड होते. तू मूर्तिजापूरले मले खाऊन टाकलं असतं आज."

आई हे सगळं उभ्याने ऐकत होती. तिच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. आईने पंचवीस वर्षं बाजारात फुलं विकली. पहाटे चारला लिलावाला जायची, मग दुपारपर्यंत एका जागी बसून हार, गजरे, सुटी शेवंती. बाजारात बायांना जायला जागा नव्हती, म्हणून घरून निघतानाच तिचं पाणी बंद. शेजारी बादली असायची. दर अर्ध्या तासाने ती फुलांवर पाणी शिंपडायची, फुलं कोमेजायला नको म्हणून. मी शाळेतून येऊन तिच्याजवळ बसायचे, तहान लागली म्हटलं की म्हणायची, घरी जाऊन पे. त्या बादलीतलं पाणी तिने कधी स्वतःच्या तोंडाला लावलेलं मला आठवत नाही.

रेखाताईंनी हळूच विचारलं, "मावशी, त्या लग्नाले गेल्या होत्या तुमी, डोकं धरून आल्या. तवा पानी पेल्या होत्या का?"

"वऱ्हाडाच्या ट्रकात होती मी," आई म्हणाली. "सगळे मानसं. कशी पेऊ?"

एवढंच बोलून ती स्वयंपाकघरात गेली. नंतर गच्चीवर गोवऱ्या पेटवून तिने रोडगे भाजायला ठेवले. कणकेचे ते गोळे निखाऱ्यात फुलून आले, तिने राख झटकून तुपात बुडवले, वांग्याची भाजी आणि वरण वाढलं. मी चार खाल्ले. झोपताना ती म्हणाली, "मले वाटलं का माहं अंगच तसं हाय. रिद्धपूरले दर्शनाले जाईन म्हनत होती मी एकदा, माह्या मायच्या मनात होतं. तेही सोडून देलं." अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मी तिचा हात धरून झोपले.

रविवार माझा पाण्यात गेला. सकाळी उत्साहाने तांब्याभर पाणी एकदम संपवलं तर रेखाताईंनी झापलं, "एका दिवसात टाकी नको भरू. थोडं थोडं, अन् मीठ सोडू नको." त्या दिवशी मी किती वेळा मोरीत गेले ते आई मोजत होती आणि प्रत्येक वेळी हसत होती. संध्याकाळी आम्ही तिघी जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून फिरलो. आईने ती बसायची ती जागा रेखाताईंना दाखवली. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात.

सोमवारी पहाटे पाचला परत निघालो. मी हँडलवर जुन्या पट्टीच्या खाली नवी पट्टी लावली. आता मोजणीवाल्या बाईची प्रामाणिक नोंद ऐका. या वेळी वारा तोंडावर होता आणि सूर्यही तोंडावर. पायांत शनिवारचा थकवा होता. सगळ्या गोष्टी माझ्या विरोधात होत्या, फक्त बाटली माझ्या बाजूने होती.

आणि बाजूने होत्या रेखाताई, ज्यांच्या डोक्यात या रस्त्याचा एक नकाशा आहे जो कुठल्याच फोनमध्ये मिळणार नाही. या रस्त्यावर तिकिटं फाडताना त्यांनी तो जमवलाय. कुठल्या ढाब्याच्या बाथरूमला कडी आहे, कुठे कडी नाही पण बाहेर उभं राहणारी मैत्रीण असली तर चालतं, कुठल्या पंपावर किल्ली मागावी लागते आणि ती न लाजता मागायची, कुठल्या गावात कुणाचं घर. बायांनो, हा नकाशा हवा असेल तर तुमच्या रस्त्यावरच्या बाई कंडक्टरशी ओळख करा. यापेक्षा उपयोगाचा सल्ला माझ्याकडे नाही.

बोरगावला त्यांनी मला एका पिठाच्या चक्कीत नेलं. चक्की चालवणारी बाई पिठाने पांढरीफटक. तिने मागचं दार दाखवलं, मी जाऊन आल्यावर वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कुठून आल्या?"

"अकोल्याहून," मी म्हटलं.

"सायकलीनं? इथी मुताले?"

पुण्याची मंडळी हे वाचत असतील तर त्यांना सांगते, ही आमच्याकडची आपुलकी आहे. त्या बाईने आमच्या दोघींच्या बाटल्या माठातल्या पाण्याने भरून दिल्या आणि चिमूटभर मीठ कागदात बांधून दिलं. मी ज्या ओट्यावर बसून रडले होते तो ओटा तिथून हाकेच्या अंतरावर होता. परवा दहा मिनिटं तिथे बसून बकऱ्यांकडे बघून रडण्याऐवजी मी चार पावलं चालले असते तर.

आता पट्टी. दहा किलोमीटरला दोन. वीसला तीन. तीसला तीन. मूर्तिजापूरला चार, आणि कडुलिंबाखाली मी आडवी पडले नाही, उभी राहून रेखाताईंचा फोटो काढला. पन्नासला चार. साठ किलोमीटरला, जिथे परवा नऊ होते, मी खाली उतरले, पेन काढलं आणि स्वतःलाच दोनदा विचारलं. पाच. काटा तोच सोळा, वारा तोंडावर. मला हसूच यायला लागलं. चौपदरी रस्त्याच्या कडेला हेल्मेट घातलेली सरकारी नोकर बाई एकटीच हसतेय, ट्रकवाले हॉर्न देऊन जातायत. रेखाताई मागून आल्या तशी मी ओरडले, "ताई, पाच आहे." त्या टोपलीतून दोन संत्री काढत म्हणाल्या, "रस फार हाय. चालते का?"

मी तीन खाल्ली. रस कोपरापर्यंत गेला.

शेवटच्या वीस किलोमीटरला सहा झाला, तो खरा सहा होता, पायांचा. थकणं मला मान्य आहे. थकणं वेगळं आणि तहानेने थकल्यासारखं वाटणं वेगळं, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी दोन चिकटपट्ट्या शेजारी लावल्यावर कळलं. चक्कीनंतर वाटेत पाच वेळा थांबलो, पाचही वेळा मी स्वतः विचारलं. पहिल्यांदा आवाज फुटत नव्हता. लोणीला मात्र मी अख्ख्या टपरीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दादा, बाथरूम कुठी हाय?" दोन माणसांनी माना वळवल्या आणि एकाने बोट दाखवलं. एवढंच होतं ते.

दोनच्या सुमाराला अमरावतीत पोचलो. थेट गिला वडा खायला गेलो, घट्ट दह्यातला, वर तिखट. संध्याकाळी शेजारच्या मॅडम भेटल्या. मी म्हटलं, सायकल नाही देत, पण तुम्ही तुमची घ्या, मी बरोबर येते. आणि पाणी किती पिता ते आधी सांगा.

हे सगळं इथेच संपलं असतं. पण मागच्या गुरुवारी दुपारी रेखाताईंचा फोन आला, "स्टँडवर ये. तुह्यं एक पार्सल हाय गाडीत." मी गेले. अकोल्याची गाडी लागली, माणसं उतरली आणि सगळ्यांच्या मागून रेखाताईंचा हात धरून आई उतरली. बावीस वर्षांनी. नऊवारीचा काष्टा सारखा केला, पिशवीतून लीटरची बाटली काढली आणि माझ्यासमोर उलटी धरून दाखवली. एक थेंब पडला नाही.

"मूर्तिजापूरले गाडी थांबवली रेखाबाईनं माह्यासाठी," ती म्हणाली. "सगळे थांबले. कोनी काई म्हनलं नाई."

मी विचारलं, "डोकं?"

तिने कपाळाला हात लावून पाहिला, जणू तिलाही खात्री करून घ्यायची होती. "नाई दुखत वं," ती म्हणाली. "मंग इतके वर्सं मले कोनी सांगतलं काहून नाई?"

 घरी आणलं तिला. एकेक खोली ती हाताने भिंत चाचपत फिरली, देवघरापाशी थांबली, गच्चीवर जाऊन आली. मी चहा टाकला. ती ओट्याशी येऊन उभी राहिली, स्वतःच माठातून भांडंभर पाणी घेतलं, पुरतं प्यायली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "कल्पे, इथून रिद्धपूर किती दूर हाय?"

"असेल चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर."

"अन् रस्त्यानं बाथरूम कुठी कुठी हाय, ते रेखाबाईले इचारून ठेव."